वागादूचा सर्प आणि पुण्याचे कालप्रवासी: एका कथाबीजाविषयी

तुमच्या कथेचा सारांश असा आहे. पुण्यातील चार संशोधक कालयंत्रातून युरोपीय सत्तांच्या आधीच्या आफ्रिकेत उतरतात. तेथील एका जमातीकडून दरवर्षी एका मुलीचा बळी घेणाऱ्या अजस्र सर्पाशी त्यांची गाठ पडते. रायफल आणि स्फोटके वापरून ते त्याला ठार करतात आणि कृतज्ञ गावाचा निरोप घेऊन परततात. ही कथा दोन ठिकाणांहून परत आली, त्यांपैकी एका संपादकांनी ‘आफ्रिका जाणवत नाही’ एवढाच शेरा मारला, आणि आता वर्णने वाढवावीत की कालयंत्राचे विज्ञान पक्के करावे, असे तुम्ही विचारले आहे. विज्ञानकथा लिहिण्यात आणि इतरांची हस्तलिखिते तपासण्यात बराच काळ घालवल्यानंतर मला असे वाटते की या दोन्ही उपायांनी फारसा फरक पडणार नाही. तुमची अडचण सर्पाच्या मरणात आहे. तुमच्या कथेत सर्प मेला की प्रश्न सुटतो. ज्या आफ्रिकी दंतकथेशी तुमचे कथानक, बहुधा तुमच्या नकळत, जुळते आहे, तिच्यात सर्प मेल्यावर प्रश्न सुरू होतो.

ती दंतकथा सोनिंके लोकांची आहे आणि तिचे स्थळ वागादू. अरब भूगोलकारांनी या राज्याला घाना म्हटले. आजच्या घाना देशाने १९५७ साली स्वातंत्र्याच्या वेळी ते नाव घेतले असले, तरी जुने राज्य त्याच्या पुष्कळ वायव्येला, आजच्या मॉरिटानियाचा आग्नेय भाग आणि मालीचा पश्चिम भाग यांत पसरलेले होते. वंशपरंपरेने इतिहास गाणारे सोनिंके भाट, ज्यांना गेसेरे म्हणतात, सांगतात की दिंगा नावाच्या पूर्वजाचा मुलगा दियाबे सिसे याने बिदा नावाच्या काळ्या सर्पाशी करार केला. राज्यातील सर्वांत देखणी कुमारिका दरवर्षी त्याच्या विहिरीपाशी आणून सोडायची, आणि त्याने वागादूला पाऊस आणि सोने द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार चालला. मग सिया यताबारे हिची पाळी आली. तिचा वाग्दत्त वर मामादी तलवारीला धार लावून विहिरीजवळ दबा धरून बसला. काही कथनांत सर्प तीनदा डोके वर काढतो आणि तिसऱ्या वेळी मामादी घाव घालतो. काहींत सर्पाला सात मुंडकी असतात. तुटलेले मुंडके दक्षिणेकडे उडत जाते, बुरे या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात पडते आणि शाप देऊन जाते, की सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस वागादूवर पाऊस पडणार नाही आणि सोनेही मिळणार नाही. विहिरी आटतात, गुरे मरतात, माणसे वाट फुटेल तिकडे निघतात. साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या, पट्ट्यात दूरवर विखुरलेली सोनिंके घराणी आपल्या स्थलांतराचा आरंभ आजही या घटनेपासून सांगतात. ज्या मुलीसाठी हे सारे झाले ती पुढे मामादीलाच नाकारते, असेही एक कथन आहे, आणि ते मला फार आवडते.

आता तुमचे चार संशोधक या कथेत कुठे बसतात ते पाहा. सर्पाला मारणारा माणूस कथेत आधीच आहे, त्याच्याजवळ कारण आहे, शस्त्र आहे आणि परिणाम भोगणारे लोकही आहेत. बाहेरून आलेल्याने मामादीची तलवार हिसकावून तेच काम रायफलने केले, तर त्याने त्या समाजाकडून त्याचे धाडसही काढून घेतले आणि त्याची चूकही. दक्षिणेकडे बासोथो लोकांच्या कथेतील खोलुमोलुमो हा राक्षस साऱ्या माणसांना आणि गुरांना गिळतो, एक मुलगा त्याचे पोट फाडून सर्वांना सोडवतो, आणि सुटलेले लोक काही काळाने त्याच मुलावर उलटतात. या दोन्ही कथांत राक्षस मारणाऱ्याच्या गळ्यात हार पडत नाही. तुमच्या शेवटच्या प्रसंगातले कृतज्ञ गाव मला परके वाटले ते यामुळे.

बिदाऐवजी दुसरा एखादा प्राणी घ्यावा का, हा विचार तुमच्या मनात येईल. काँगोच्या दलदलीतील डायनासोरसदृश मोकेले-म्बेम्बे हा आपल्याकडील लेखकांचा लाडका प्राणी आहे, पण त्याला आज लोकांच्या डोक्यात असलेले रूप १९०९ नंतर युरोपात मिळाले, जेव्हा जर्मन प्राणीव्यापारी कार्ल हागेनबेक याने आफ्रिकेत महाकाय सरपटणारा प्राणी असल्याच्या वार्ता छापल्या आणि डायनासोरांचे सांगाडे पाहून भारावलेल्या वाचकांनी त्या उचलून धरल्या. वसाहतपूर्व काळातील कथेत तो घातला, तर वसाहतकाळाची कल्पनाच मागच्या दाराने आत येते. झाम्बेझी नदीचा सर्परूपी देव न्यामिन्यामी खरा जुना असला, तरी त्याची जगभर गेलेली गोष्ट १९५० च्या दशकातील करिबा धरणाच्या बांधकामाशी आणि त्या वेळच्या पुरांशी बांधलेली आहे. बिदाच घ्या.

यानंतर वर्ष ठरवा. ‘प्राचीन आफ्रिका’ हे स्थळही नाही आणि काळही नाही. ‘जुन्या आशियात’ घडणारी कथा तुम्ही स्वतः वाचायला घेतली नसती. वागादूसाठी १०६८ हे वर्ष फार सोयीचे आहे, कारण त्या वर्षी स्पेनमधील कॉर्डोबाच्या अल-बक्री या भूगोलकाराने या राज्याचे वर्णन लिहून पूर्ण केले. तो स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता. सहारा ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेले आणि जुन्या ग्रंथांत वाचलेले त्याने मांडले, पण ऐकीव असूनही त्यातला तपशील असा आहे की कथाकाराने हावरटासारखे घ्यावे. त्या वेळी गादीवर तुंका मेनिन हा राजा होता आणि तो आपल्या मामाच्या मागून राजा झाला होता, कारण तेथे वारसा बहिणीच्या मुलाकडे जात असे. राजधानी म्हणजे एकमेकांपासून सहा मैलांवरची दोन नगरे, आणि मधल्या वाटेवर सलग घरे. एका नगरात मुसलमान व्यापारी राहत आणि तेथे १२ मशिदी होत्या. दुसरे राजाचे, ज्याच्याभोवती राखीव देवराया होत्या. त्यांत पुरोहित राहत, राजांच्या समाध्या असत, आणि पहारेकऱ्यांखेरीज कोणाला आत पाऊल टाकता येत नसे. आपल्या कोकणातील देवराई ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नगराभोवती गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या, त्यांवर लोक पाणी पीत आणि भाजीपाला पिकवत. बिदाची विहीर शोधायला तुम्हाला जंगलात जाण्याची गरज नाही हे लक्षात घ्या. ती लोकांच्या रोजच्या पाणवठ्यांपासून हाकेच्या अंतरावर असू शकते, आणि त्यामुळे ती अधिक भयानक होते.

मॉरिटानियातील कुंबी सालेह येथे १९१४ पासून वेगवेगळ्या फेऱ्यांत उत्खनने झाली, आणि दगडी घरे, अरुंद गल्ल्या व मोठी मशीद असलेले नगर तेथे सापडले. अल-बक्रीचे व्यापारी नगर ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तुमच्या कथेतील ‘झोपड्यांचे गाव’ येथून हद्दपार करा. राजाच्या नगरात घुमटाकार झोपड्या होत्या, पण त्याच राज्यात आत येणाऱ्या मिठाच्या प्रत्येक गाढवओझ्यावर एक सुवर्ण दिनार आणि बाहेर जाणाऱ्यावर दोन दिनार जकात वसूल करणारे अधिकारीही होते. खाणीतून निघालेले सोन्याचे गोळे राजाचे आणि सोन्याची भुकटी लोकांची, असा नियम होता, कारण गोळेही बाजारात आले असते तर सोन्याचा भाव कोसळला असता. हा नियम करणाऱ्या माणसांना तुमच्या हस्तलिखितात ‘भोळेभाबडे आदिवासी’ म्हटले आहे.

दरबाराचा एक प्रसंग जरूर लिहा आणि त्यात कपड्यांकडे नीट पाहा. अल-बक्री सांगतो की राजाच्या धर्मातील लोकांपैकी शिवलेले कपडे फक्त राजाला आणि त्याच्या वारसाला घालता येत; इतरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे सुती, रेशमी किंवा जरीची वस्त्रे गुंडाळायची. आता तुमचे संशोधक पँट आणि शर्ट घालून उतरतात. पहिल्याच क्षणी पाहणाऱ्यांना त्यांच्या अंगावर शिवण दिसते. राजाच्या धर्माचे म्हणून ते खपणार नाहीत. परदेशी मुसलमान व्यापारी म्हणूनच त्यांची गणना होईल, आणि त्यांना व्यापाऱ्यांच्या नगरात पाठवले जाईल. तेथे अरबी बोलता आली नाही, तर मात्र लोकांच्या भुवया वर जातील. दुबा नावाचा, लांब पोकळ ओंडक्याचा नगारा वाजला की दरबार भरल्याचे कळते. राजा मंडपात बसलेला असतो, भोवती सोन्याच्या साजातले दहा घोडे उभे असतात, मांडलिक राजांच्या मुलांच्या केसांत सोने गुंफलेले असते, आणि दाराशी गळ्यात सोन्याचांदीचे पट्टे व घुंगरू असलेले कुत्रे पहारा देत असतात. राजाच्या धर्माचे लोक गुडघे टेकून डोक्यावर माती घेतात, मुसलमान टाळ्या वाजवून अभिवादन करतात. तुमच्या चौघांनी काय करावे? या एका प्रश्नावर दोन पाने सहज उभी राहतात, आणि त्या दोन पानांत सर्पाचे नावही न येता वाचकाला कळते की या माणसांना येथले काहीच ठाऊक नाही.

जेवणाच्या प्रसंगात तुम्ही मका, शेंगदाणे आणि मिरची वाढली आहे. ही तिन्ही पिके अमेरिका खंडातली असून कोलंबसानंतरच आफ्रिकेत पोहोचली, म्हणून ती काढा. त्यांच्या जागी जे येईल ते मराठी माणसाला चकित करणारे आहे. बाजरी ही मूळची याच भागातली. आजच्या मालीतील तिलेमसी खोऱ्यात ती साधारण इ.स.पू. २५०० च्या सुमारास लागवडीत होती असे पुरावे आहेत, आणि त्यानंतर काही शतकांत ती भारतात पोहोचली. ज्वारी आफ्रिकेच्या पूर्व सुदानी प्रदेशातून आली, चवळी पश्चिम आफ्रिकेतून. चौघांपैकी एकजण डेक्कन कॉलेजमध्ये पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे जुन्या वस्त्यांतील वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास, शिकलेली असेल, तर कुंबी सालेहच्या परसात उखळात बाजरी कांडणाऱ्या बाईसमोर ती नुसती उभी राहिली, तरी तुमच्या कथेत पुणे का आहे याचे उत्तर मिळते. तुमच्या आताच्या मसुद्यात पुण्याऐवजी टोकियो घातले, तरी एक वाक्य बदलावे लागत नाही.

सोबत काय न्यावे, हेही याच ओघात ठरेल. मीठ आणि तांबे चालेल. कवड्याही चालतील, आणि कवडी ही गंमतीची वस्तू आहे, कारण पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात वापरली जाणारी कवडी मालदीवच्या समुद्रातून हिंदी महासागराच्या व्यापारातून पुढे सरकत जात असे; कवड्यांची आयात अल-बक्रीनेही नोंदवली आहे. औषधांत क्लोरोक्विन ठेवा. आज आफ्रिकेतील हिवतापाच्या परजीवींवर ते फारसे चालत नाही, पण त्याला दाद न देणारे परजीवी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रथम दिसू लागले, तेव्हा १०६८ मध्ये ही स्वस्त गोळी उत्तम काम करील. अशी बारीक गोष्ट वाचकाला कालप्रवासाची खात्री पटवते. यंत्राच्या दिव्यांचे वर्णन पटवत नाही. स्फोटके मात्र काढून टाका. रायफल ठेवायची असेल तर ठेवा, पण तिची गोळी कथेत सुटू नये, निदान सर्पावर तरी सुटू नये.

आता कथेच्या गाभ्याकडे येतो. अल-बक्रीच्या वर्णनात बिदा नाही. देवराया आहेत, राजांच्या समाध्या आहेत, राजा मेल्यावर त्याला अन्नपाणी देणाऱ्या सेवकांना त्याच्याबरोबर पुरल्याची नोंदही आहे, पण दरवर्षी मुलीचा बळी घेणारा सर्प नाही. बिदाची कथा कागदावर सविस्तर आली ती फार उशिरा, विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा फ्रेंच वसाहतीतील अधिकारी आणि अभ्यासक भाटांकडून ऐकून ती लिहून घेऊ लागले. मोरिस देलाफोसचे १९१२ सालचे लेखन त्यांपैकी महत्त्वाचे. मामादीने घाव कोणत्या वर्षी घातला हे कोणतेही कथन सांगत नाही. म्हणजे तुमचे संशोधक १०६८ मध्ये उतरतात तेव्हा बिदा जिवंत आहे, मेला आहे, की तो कधी नव्हताच, हे त्यांना माहीत असू शकत नाही. कालप्रवाशाला भविष्य ठाऊक असते ही या प्रकारच्या कथांची जुनी मिरास आहे, आणि येथे ती आयतीच मोडते. त्यांच्या टॅबलेटमध्ये चार कथने आहेत आणि चारही एकमेकांशी जुळत नाहीत. गावातील म्हातारा भाट पाचवे सांगतो. माझ्या मते तुमची खरी कथा या अज्ञानात आहे, आणि तिच्यासाठी सर्पाची लांबी मोजण्याची आवश्यकता नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. दंतकथेत बळी आहे म्हणून वागादूत खरोखर दरवर्षी मुलगी बळी दिली जात होती, असे मानायला आधार नाही. तुम्ही कल्पित कथा लिहीत आहात, त्यामुळे बळी दाखवण्याची मुभा तुम्हाला आहेच. पण ती मुभा दंतकथेची आहे हे कथेतून कळू द्या. सर्पाच्या कराराची गोष्ट एखाद्या पात्राच्या तोंडी घातली की हे आपोआप साधते, आणि निवेदकाने ती इतिहास म्हणून सांगितली की बिघडते.

सर्प दाखवायचा कसा, हा यापुढचा प्रश्न. अल-बक्रीकडेच एक अद्भुत उतारा आहे, बिदाचा नव्हे, पण जवळचा. झाफकू नावाचे लोक एका प्रचंड सर्पाची पूजा करतात. त्याला आयाळ आहे, शेपूट आहे आणि डोके दोन मदारींच्या उंटासारखे. तो वाळवंटातील एका गुहेत राहतो. राजा मेला की गादीच्या उमेदवारांना गुहेपाशी नेतात, सर्प एकेकाला हुंगतो आणि ज्याला नाकाने ढोसतो तो राजा होतो. सर्प परत आत वळताना नव्या राजाने त्याच्या आयाळीचे किंवा शेपटीचे जितके केस उपटता येतील तितके उपटायचे; जितके केस हाती आले, तितकी वर्षे त्याचे राज्य. या उताऱ्यात मला सर्पाची भीती वाटत नाही, त्या धावणाऱ्या माणसाची वाटते, ज्याला एकाच वेळी जीवही वाचवायचा आहे आणि आणखी एक केसही हवा आहे. तुमच्या सर्पाच्या दर्शनात अशी एखादी मानवी कृती हवी, जिच्यावरून त्याचे आकारमान वाचकाने स्वतः ताडावे.

जीवशास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. आफ्रिकेतील मोठा अजगर सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आढळतो, पाच मीटरपर्यंत आणि क्वचित त्याहून अधिक वाढतो, पाण्याजवळ आणि दुसऱ्या प्राण्यांच्या बिळांत राहतो, हरणासारखे भक्ष्य विळख्यात आवळून गिळतो, आणि मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. कोरड्या प्रदेशातील ओलसर विहिरीच्या कपारीत असा अजगर असणे अशक्य नाही, आणि अर्धवट अंधारात तो काळाच दिसेल. पण तो अजगर ‘होता’ असा उलगडा शेवटी करू नका. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याला येथे साक्षीला बोलवावेसे वाटते, ज्याने दौलताबाद पाहिले आणि पुढे १३५२–५३ मध्ये मालीचा प्रवास केला. नायजरच्या एका फाट्याशी त्याने सोळा मोठे प्राणी पाहिले आणि त्यांना हत्ती समजला. ते पाण्यात शिरले, तेव्हा सोबत्याने सांगितले की हे पाणघोडे आहेत. अर्धे जग पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी आधी ओळखीचा प्राणी पाहिला आणि मग समोरचा. तुमच्या संशोधकांनीही आधी चुकीचे पाहावे. पहिल्याला विहिरीच्या काठाशी ओला दोर गुंडाळलेला दिसावा, दुसऱ्याला नुसती ओल दिसावी, आणि दोर किंचित सरकल्यावर कोणीच काही बोलू नये. तुमच्या मसुद्यात सर्प एका परिच्छेदात डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण उभा राहतो आणि पुढच्या परिच्छेदात मरतो. मध्ये घाबरायला वेळच मिळत नाही.

काळाच्या नियमाबद्दल थोडक्यात. गणितज्ञ गोडेलने १९४९ मध्ये दाखवले की आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांना असेही एक उत्तर असू शकते, ज्यात वस्तू स्वतःच्या भूतकाळात पोहोचते. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी कृमिविवराचे, म्हणजे अवकाश-काळातील दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचे, कालयंत्र कागदावर मांडले, पण अशा यंत्रातून ते तयार होण्याच्या आधीच्या काळात जाता येत नाही, म्हणून पुण्यात आज बांधलेले कृमिविवर १०६८ ला पोहोचवणार नाही. जुने, निसर्गात आधीपासून असलेले विवर सापडले असे म्हणा, किंवा काहीच म्हणू नका. परिणामांच्या बाबतीत मात्र भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्हचे सुसंगतीचे तत्त्व घ्या: भूतकाळात गेलेला माणूस जे काही करतो ते घडलेल्या इतिहासाचाच भाग असते. मामादीचा घाव टाळता येत नाही आणि बदलता येत नाही, पण तो कोणामुळे शक्य झाला हे कोणालाच ठाऊक नाही, आणि तेवढी फट तुम्हाला पुरे आहे.

मी ती फट अशी वापरली असती. चौघांना दोनावर आणले असते: एक वर सांगितलेली पुरावनस्पतिशास्त्रज्ञ, दुसरा मॉन्सूनच्या जुन्या नोंदींवर काम करणारा हवामानशास्त्रज्ञ. साहेलमधील पाऊस वर्षातून एकदाच, साधारण जून ते सप्टेंबर पडतो, आणि तो समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, हे त्याला पाठ आहे. १९६८ नंतर साहेलमध्ये जो दीर्घ दुष्काळ पडला, त्याचा दोष आरंभी तेथील गुराख्यांवरच आला. अति चराईने जमीन उघडी पडते, ती सूर्यप्रकाश अधिक परावर्तित करते आणि पाऊस घटतो, असे हवामानशास्त्रज्ञ चार्नीने १९७५ मध्ये मांडले. पुढील संशोधनात महासागरांचे तापमान हे मुख्य कारण ठरले, आणि शेळ्यांवरचा आरोप पुष्कळ सौम्य झाला. १९७२ साली तेथील गुरे मरत होती त्याच वर्षी महाराष्ट्रातही दुष्काळ होता. या माणसाच्या वडिलांनी त्या वर्षी रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती असे एक वाक्य घाला, अधिक नको. असा माणूस सर्पामुळे पाऊस पडतो हे मानणार नाही. पण ढग, वारा आणि नोंदी पाहून त्याला कळते की पुढची काही वर्षे वाईट आहेत, सर्प मरो वा न मरो.

आणि मामादी त्याच्याकडे येतो. त्याला शस्त्र नको आहे, ते त्याच्याजवळ आहे. त्याला एवढेच विचारायचे आहे की सर्प मेला तर पाऊस थांबेल का. हवामानशास्त्रज्ञाने खरे उत्तर दिले, म्हणजे ‘पावसाचा सर्पाशी काही संबंध नाही’ असे सांगितले, तर मामादी निश्चिंत मनाने घाव घालील, मुलगी वाचेल, दुष्काळ ठरल्याप्रमाणे येईल, आणि सारे वागादू तो दुष्काळ मामादीच्या माथी मारील. बिदाचा शाप म्हणून आपण आज जे ऐकतो ते एका शास्त्रशुद्ध उत्तरातून जन्मलेले असेल. खोटे उत्तर दिले, तर सिया मरेल. विज्ञान येथे पूर्ण बरोबर आहे आणि तरीही त्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. तुमच्या कथेतील सामना मला या संवादात दिसतो, विहिरीपाशी नाही. विहिरीपाशी जे घडते ते त्यानंतर एका पानात सांगितले तरी चालेल, आणि ते सियाच्या बाजूने सांगा, कारण तुमच्या मसुद्यात तिला नाव नाही, ती किंचाळते एवढेच कळते. तिला मामादीचा बेत आधी ठाऊक होता का? तिची आई काय म्हणाली? गेल्या वर्षी जिची पाळी होती तिचे घर तिच्या शेजारी होते का?

भाषेविषयी दोन गोष्टी. ‘रानटी’, ‘टोळी’, ‘जादूटोणा’, ‘काळाकुट्ट’ हे शब्द तुमच्या निवेदनात सतत येतात. ते एखाद्या गर्विष्ठ पात्राच्या तोंडी शोभतील, निवेदकाच्या नाही. राज्याला राज्य म्हणा, पुरोहिताला पुरोहित म्हणा, सोनिंके माणसाला सोनिंके म्हणा. दुसरे असे की तुमचे आफ्रिकी लोक एकमेकांशी तुटक, क्रियापद नसलेल्या वाक्यांत बोलतात. स्वतःच्या भाषेत कोणीच तसे बोलत नाही. त्यांचे आपसांतले बोलणे भरघोस, वळणदार मराठीत लिहा, भाटाचे तर अधिकच, कारण शब्द हा त्याचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे. आणि तुटक वाक्ये तुमच्या पुणेकरांना द्या, जे मोडक्या अरबीत मिठाचा भाव विचारत आहेत.

लांबीची चिंता करू नका. दरबार, बाजरीचे परस, मामादीचा प्रश्न आणि विहीर एवढे चार प्रसंग नीट लिहिले तर कथा दिवाळी अंकाच्या मापात बसते, आणि यंत्राच्या उभारणीची तुमची पहिली सहा पाने तशीही वगळावी लागतीलच. परतीचा प्रवासही वगळा. हवामानशास्त्रज्ञाने उत्तर दिले आणि मामादी दोन नगरांच्या मधल्या वाटेने निघून गेला की सियाच्या विहिरीकडे या, आणि दुष्काळाच्या पहिल्या वर्षी ते दोघे संशोधक अजून तेथेच आहेत की नाहीत, हे तुम्ही ठरवा.